दाद

आमच्या प्रयोगशाळेत बुरशीला जेवायला नारळ लागतो.
बाजारातून मी दोन आणते, पावती लावते,
फोडते, किसते, पिळते,
सोलकढीला काढावा तसा रस,
त्यात आगर घालून उकडते, थाळ्यांत ओतते.
थाळ्या थिजतात खरवसासारख्या.
शिपाई जनार्दन दर वेळी म्हणतो,
मिरची-कोथिंबीर घाला, आम्हीच खातो.

नमुना चौदा. सांतान फर्नांडिस, तेलाचा घाणा, वेंगुर्ले.
खोबरं, चाळीस पोती.
दसरा झाला तरी पाऊस रेंगाळत होता,
वाळवण तीनदा धावत आत आणलं,
चौथ्यांदा आणायला माणूस नव्हता.
वाट्यांच्या पोटात हिरवट पिवळा बुरा,
बोट फिरवलं की पीठ.
"पुसान घेतला की झाला," सांतान म्हणाला.
मी काही बोलले नाही.
हेच वाक्य माझ्या घरात
तीस वर्षं वाटणात वाटलं गेलंय.

तीन दिवसांनी खोलीतले दिवे मालवून
जांभळ्या दिव्याखाली थाळी पालथी धरली.
बुरशीच्या भोवती
निळं.
काळोख्या रात्री वल्हं मारलं की
खाडीचं पाणी पेटतं, तेवढंच,
तितकंच थंड.

"माका दाखव."
अंधारात त्याच्या शर्टाला तेलाचा वास.
बराच वेळ बघत राहिला.
"बरा दिसता गो," म्हणाला.

मग हिशेब.
तळून?
नाही जात.
उकळून?
नाही.
"पेंड ढोरांका घालू?"
आणि दूध?
तो गप्प झाला.
बहुतेक गेल्या वर्षीची पेंड
कुणाकुणाच्या गोठ्यात गेली ते आठवत असावा.

शेजारच्या कपाटात बाबली केळुसकरची थाळी.
ट्रॉलरवर आठ-आठ दिवस ओल्या चड्डीत,
कमरेभोवती नायटा, कडा तांबड्या, नकाशासारखा पसरणारा.
मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, आठ दिवस बरं,
नववा दिवस पहिल्यापेक्षा वाईट.
अशा सात ट्यूबा.
"खाज काय जाणा नाय, बाय."
मी थाळीवर औषधाची चकती ठेवली.
चकतीभोवती मोकळं अंगण राहायला हवं.
नाही राहिलं.
दशावतारात राजा जीव तोडून गातो
आणि पुढच्या रांगेत एखादा मांडी घालून ढिम्म बसतो,
तशी बुरशी,
अगदी चकतीला टेकून.
रजिस्टरात लिहिलं: दाद देत नाही.

मॅडम म्हणतात, हापूसच्या मोहोरावर जे फवारतात
त्याच्याच घराण्यातलं औषध
छातीत बुरशी झालेल्या माणसाला शिरेतून देतात.
बागेतल्या मातीतली बुरशी
ते आधीच चाखून बसलेली असेल तर?
माझा भाऊ मोहोर फवारतो.
नाकाला टॉवेल बांधतो आणि वाऱ्याकडे पाठ करतो.
त्याला हे सांगायला मी दोनदा फोन उचलला.
दोन्ही वेळा त्याने आधी विचारलं, आंबे किती पेट्या पाठवू?

बुरशीचा मला राग येत नाही, हे खरं.
ती पानं कुजवते, झाडाला परत देते,
तिचं काम कुणी नेमून दिलेलं नाही.
आम्हीच तिला थाळी वाढली,
ओली पोती दिली,
आणि अर्धवट औषधांवर
शाळेत पाठवलं.

शनिवारी सांतानने चाळीस पोती घाण्यामागच्या कातळावर ओतली.
न्यायला बाबलीच आला होता,
एका हाताने पोतं, दुसऱ्याने कंबर खाजवत.
सरकारी कागदावर मी सही केली,
तोंडाला फडकं बांधून सगळे वाऱ्याच्या उलट्या अंगाला थांबलो.
काडी लावली.
खोबरं पटकन पेटतं, तेल तडतडत कातळावर उतरतं.
सांतानने टोपी काढली, परत घातली.

धूर मांडवीकडे गेला.
तासाभराने तिकडून एकजण स्कूटरवर आला,
पाय टेकून, नाक वर करून विचारू लागला,
आज कोणाकडे काय तळतायत,
वास किती चांगला सुटलाय.